लायब्ररी बायकांना आपली वाटावी म्हणून काय काय करता येतं

मी लायब्ररीत पुस्तकं लावायला मदत करायचे तेव्हाची गोष्ट आहे. घटस्फोट आणि पोटगीच्या कायद्यावरचं सोप्या भाषेतलं एक पुस्तक होतं, त्यात मला रोज एक कागदाची चिठ्ठी सापडायची, आज पान ४० ला, उद्या ६२ ला, परवा ८५ ला. पुस्तक मात्र एकदाही इश्यू झालेलं नव्हतं. मग एका दुपारी ती चिठ्ठी ठेवणारी बाई दिसली, दोन रॅकच्या मधे उभी राहून वाचत होती, पर्स खांद्यालाच आणि एक डोळा दाराकडे. मी म्हटलं ताई घरी न्या की, निवांत बसून वाचा, तर म्हणाली, "नको, मागे नाव लिहिता ना तुम्ही." पुस्तकाच्या मागच्या कव्हरला खिसा असतो ना, त्यातल्या कार्डावर आधी नेलेल्या सगळ्यांची नावं ओळीने लिहिलेली असायची, म्हणजे तिच्या ओळखीतल्या कुणीही ते पुस्तक उघडलं असतं तर तिचं नाव दिसलं असतं. त्याच वर्षी आम्ही महिला दिनाला मोठं प्रदर्शन लावलं होतं, पोस्टर होती, भाषण होतं, आणि ही बाई उभ्याने कायदा वाचत होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की लायब्ररीत स्त्रीवादी विचाराला जागा करायची असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी बसायची सोय, मग तिचं नाव सांभाळणं, मग पुस्तकं, आणि मग एकत्र वाचायचा-बोलायचा ग्रुप. आपण बहुतेकजणी शेवटून सुरुवात करतो, आधी ग्रुप काढतो आणि मग कुणी येत नाही म्हणून खट्टू होतो.

तर पहिलं काम, एक अख्खा दिवस काही न करता लायब्ररीत बसून रहा. वही घेऊन बसा आणि नुसतं बघा. पेपरच्या टेबलाशी कोण बसतं, किती वेळ बसतं, बायका आत आल्यावर कुठे जातात, बसतात की पुस्तक बदलून पाच मिनिटांत निघतात. बऱ्याच ठिकाणी तुम्हाला दिसेल की मोठं टेबल, पंखा, खिडकी हे सगळं पुरुषांकडे आहे, कुणी मुद्दाम अडवलंय असं नाही पण वर्षानुवर्षं तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसतात आणि नवीन आलेली बाई भिंतीकडेच्या स्टुलावर टेकते. टेबलं हलवा. एक मोठं टेबल फोडून दोन-तीन लहान करा, काही खुर्च्या अशा ठेवा की पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे, कारण एकट्या बसलेल्या बाईला मागून कोण येतंय ते कळलं की अर्धा जीव भांड्यात पडतो. रॅक इतके उंच आणि इतके जवळ नसावेत की मधल्या बोळात काय चाललंय ते काउंटरवरून दिसणारच नाही.

टॉयलेट बघा, आणि स्वतः वापरून बघा. कडी लागते का, पाणी आहे का, दिवा आहे का, झाकणाचा डबा आहे का पॅड टाकायला. याला क्षुल्लक म्हणू नका, कारण ज्या जागी टॉयलेट नाही तिथे बाई दोन तासांच्या वर थांबत नाही आणि दोन तासात अभ्यासही होत नाही आणि मैत्रीही होत नाही. जिन्यावरचा आणि बाहेरचा दिवा संध्याकाळी कुणाची वाट न बघता लागला पाहिजे.

लहान मुलं घेऊन येणाऱ्यांचं वेगळं सांगते. मुलांचा कोपरा वेगळ्या खोलीत असेल तर आई तिथेच अडकते, मोठ्यांच्या रॅककडे येऊच शकत नाही. मुलांची पुस्तकं मोठ्यांच्या खुर्च्यांपासून नजरेच्या टप्प्यात आणा, खाली सतरंजी टाका, आणि एखादा तास असा जाहीर करा की त्या वेळात आवाज चालेल. "मुलाला गप्प करा" हे वाक्य एकदा ऐकलेली आई परत येत नाही, मी पाहिलंय. आणि वेळ. लायब्ररी जर फक्त सकाळी लवकर आणि संध्याकाळी उघडी असेल तर नेमके तेच तास घरकामाचे असतात, तेव्हा दुपारचे दोन तास मिळवता आले तर मिळवा, त्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच कार्यक्रमाने पडत नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले त्यातला चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवा, आणि मला नेहमी वाटतं की हा नियम सगळ्यात जास्त बायकांसाठी लागू व्हायला हवा कारण त्यांच्याकडे स्वतःचा म्हणावा असा वेळच मुळात कमी असतो.

आता नाव सांभाळायचं कसं. कार्डाची पद्धत चालू असेल तर नाव लिहिणं आजच बंद करा, फक्त मेंबर नंबर लिहा, आणि जुन्या कार्डांवर नवीन कोरी कार्डं लावून टाका, एका सुट्टीच्या दिवशी चार जणी बसलात तर भराभर होतं. कॉम्प्युटर असेल तर स्क्रीन काउंटरच्या बाहेर उभ्या माणसाला दिसतो का ते तपासा, आणि पुस्तक परत आल्यावर त्या मेंबरच्या खात्यातून ती नोंद जाते की कायमची राहते हे सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, पुसता येत असेल तर पुसायला लावा. उशीर झाल्याचा मेसेज जातो ना, त्यात पुस्तकाचं नाव टाकू नका. "आपल्याकडचं पुस्तक परत करायची तारीख झाली आहे" एवढं पुरे. घरात फोन एकच असतो किंवा तिचा फोन दुसरं कुणी बघतं, आणि गर्भनिरोधनावरच्या किंवा घरातल्या मारहाणीवरच्या पुस्तकाचं नाव त्या स्क्रीनवर आलं तर पुढे काय होईल ते आपल्या हातात राहत नाही.

काउंटरवर बसणाऱ्याला दोन गोष्टी शिकवा. एक, पुस्तकावर कॉमेंट करायची नाही, चांगलीसुद्धा नाही, "अरे वा हे वाचताय!" हेही नाही. दोन, "आमच्या हिने काय नेलंय हो?" असं नवऱ्याने, भावाने, सासूने, कुणीही विचारलं तर उत्तर एकच, ज्याचं कार्ड त्यालाच सांगतो. हे तोंडी ठेवू नका, नियम म्हणून छापून काउंटरवर लावा, म्हणजे तिथल्या माणसाला वाईटपणा घ्यावा लागत नाही, तो पाटीकडे बोट दाखवतो आणि विषय संपतो.

पुस्तकांकडे येते. इथे मला थोडं लांबण लावावं लागेल कारण या विषयात मजेदार आणि त्रासदायक अशा दोन्ही गोष्टी भरलेल्या आहेत.

बहुतेक लायब्रऱ्यांत ड्युईची दशांश पद्धत असते, म्हणजे पुस्तकाला विषयाप्रमाणे नंबर द्यायचा आणि त्या नंबराने रॅकवर लावायचं, १८७६ ला आलेली. तिच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये स्त्रियांचा विषय ३९६ या नंबरला होता, म्हणजे ३९० च्या रूढी-रिवाजांच्या गटात, आणि त्याच्या लगेच आधी ३९५ ला शिष्टाचार. म्हणजे मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांची पुस्तकं पाहुण्यांशी कसं वागावं या पुस्तकांच्या शेजारी. आता स्त्रियांचा समाजातला दर्जा ३०५.४ ला असतो, ते बरं झालं, पण बाकी सगळं विखुरलेलं आहे. नोकरी करणाऱ्या बायकांवरचं पुस्तक ३३१.४ ला, मतदानाच्या हक्काचं ३२४.६ ला, घरातल्या हिंसेचं ३६२.८२ ला, गर्भनिरोधनाचं ६१३.९ ला, आणि कविता, कादंबऱ्या, आत्मचरित्रं तिसरीकडेच. जिला नुसतं "मला काय होतंय ते समजून घ्यायचंय" एवढंच कळतंय ती या पाच-सहा रॅकवर फिरणार कशी?

यावर लोक म्हणतात की मग महिला विभाग काढा. मी याच्या विरोधात आहे, निदान जसा तो काढला जातो तसा नको, कारण वर्षभरात त्या कपाटात विणकाम, पाककृती आणि गरोदरपणाची काळजी एवढंच उरतं आणि पुरुष वाचक त्याच्याकडे फिरकत नाहीत. दुसऱ्या बाजूला सगळं मिसळून ठेवलं तर सापडत नाही. मला जे जमलं ते असं, पुस्तकं त्यांच्या नंबरवरच ठेवायची पण प्रश्नांची एक यादी बनवायची. विषय नाही, प्रश्न. "घरखर्चातला माझा वाटा कुणी मोजतं का", "ऑफिसात त्रास होतोय, तक्रार कशी करू", "मुलीला पाळीबद्दल कसं सांगू", "आधीच्या बायका यातून कशा बाहेर पडल्या". प्रत्येक प्रश्नाखाली पाच-सहा पुस्तकं आणि त्यांचे रॅक नंबर, एका पानावर, प्रती काढून रॅकच्या टोकाला अडकवायच्या, कुणाला न विचारता उचलता येतील अशा. स्त्रीवाद हा शब्द माहीत नसलेली बाई त्या शब्दाखाली शोधणार नाही पण तिचा प्रश्न मात्र तिला माहीत असतो. आणि दाराशी एक छोटा रॅक ठेवा, १५ दिवसांनी बदलायचा, त्यात कायदा, कविता, विज्ञान, खेळ सगळं मिसळून.

कॅटलॉगमधले शब्दही तपासा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषय-मथळ्यांवर, म्हणजे कॅटलॉगमध्ये पुस्तक ज्या विषयाच्या नावाखाली नोंदतात त्या शब्दांवर, १९७०च्या दशकात ग्रंथपाल बायकांनी बराच आवाज उठवला, कारण तिथे 'डॉक्टर म्हणून स्त्रिया' अशा थाटाचे मथळे होते, जणू डॉक्टर असणं ही बाईने तात्पुरती घेतलेली भूमिका आहे. आपल्या कॅटलॉगमध्ये "लेखिका" वेगळ्या आणि "लेखक" म्हणजे फक्त पुरुष असं आहे का बघा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या लेखिकांची पुस्तकं दोन नावांखाली तुटलेली असतात, तिथे "हेही नाव पहा" अशी नोंद घाला. न्यूयॉर्कमधल्या लेस्बियन हर्स्टरी अर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे लेस्बियन बायकांची पुस्तकं आणि कागदपत्रं जपणाऱ्या संग्रहात तर पुस्तकं लेखिकेच्या पहिल्या नावानुसार लावतात, आडनाव बापाकडून किंवा नवऱ्याकडून येतं म्हणून. सगळ्यांना ते जमणार नाही पण मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ आमच्या रॅककडे बघत राहिले होते.

काय जमवायचं याबद्दल माझं म्हणणं असं की जाडजूड ग्रंथांइतकंच पातळ, फाटकं, तात्पुरतं वाटणारं सांभाळा. मोर्च्याची पत्रकं, संघटनांचे अहवाल, बंद पडलेली मासिकं, जुनी पत्रं. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ ला छापलं गेलं आणि मग जवळजवळ विस्मरणात गेलं, ते पुन्हा वाचकांसमोर आलं १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांनी परत प्रसिद्ध केलं तेव्हा. नव्वदहून जास्त वर्षं मधे गेली, पण कुठेतरी प्रत टिकली होती म्हणून ते होऊ शकलं. मुक्ता साळवे या शाळकरी मुलीचा १८५५ चा निबंध आज आपण वाचू शकतो याचं कारण तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापला गेला. तेव्हा रद्दी काढताना हात थोडा आखडता घ्या.

जगात बायकांनी याच भावनेने अख्ख्या लायब्रऱ्या उभ्या केल्यात. लंडनमधली विमेन्स लायब्ररी १९२६ ला सुरू झाली, तिथे व्हेरा डूई यांनी ४० वर्षांच्या वर ग्रंथपाल म्हणून काम केलं, आणि २०१३ पासून तो संग्रह लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे आहे. पॅरिसमध्ये मार्गरीत द्युरां या पत्रकार बाईने स्वतः जमवलेला संग्रह १९३१ मध्ये शहराला दिला. ॲमस्टरडॅमचं स्त्रियांचं अर्काइव्ह १९३५ ला स्थापन झालं आणि १९४० मध्ये नाझींनी ते लुटून नेलं, त्यातले कागद १९९२ मध्ये मॉस्कोत असल्याचं कळलं आणि परत यायला २००३ उजाडलं. बायकांच्या पत्रांना आणि पत्रकांना कुणी इतकं महत्त्वाचं मानलं की ती लुटून नेली, मग आपण ती ओल आलेल्या कोपऱ्यात का ठेवायची? ग्लासगो विमेन्स लायब्ररी १९९१ ला सुरू झाली ती स्वयंसेविका आणि लोकांनी दिलेली पुस्तकं यांच्या जोरावर. आणि ते न्यूयॉर्कचं अर्काइव्ह, ते १९७४ पासून कित्येक वर्षं एका फ्लॅटमध्येच होतं. म्हणून बजेट नाही हे कारण मला पुरेसं वाटत नाही, एक कपाट आणि एक काळजी घेणारी व्यक्ती एवढ्यावर सुरू होतं.

फक्त एक सांभाळा, एकाच थरातल्या बायकांची पुस्तकं जमत जातात, कारण त्यांचीच जास्त छापली जातात आणि देणगीतही तीच येतात. दलित, आदिवासी, मुस्लिम, मजूर, अपंग, ट्रान्स बायका, यांचं लिखाण मुद्दाम शोधून विकत घ्यावं लागतं, आपोआप येत नाही. दर सहा महिन्यांनी नवीन पुस्तकांची यादी समोर घेऊन बसा आणि यात कोण नाही ते मोजा.

आता ग्रुप. पहिल्या वेळी मी मोठी चूक केली, एक जाड सैद्धांतिक पुस्तक निवडलं, ४० मिनिटं मीच बोलले, आणि पुढच्या वेळी दोघीच आल्या, त्यातली एक मला वाईट वाटू नये म्हणून. मग जे शिकले ते सांगते. पुस्तक वाचून यायची अट नको. तिथेच दोन-तीन पानं मोठ्याने वाचायची, प्रत्येकीने एक परिच्छेद, ज्यांना वाचता येत नाही किंवा चष्मा विसरलाय त्यांनी नुसतं ऐकायचं, आणि असं केलं की शिकलेली आणि न शिकलेली यांच्यातलं अंतर त्या तासापुरतं तरी फार कमी होतं. खुर्च्या गोल. वार आणि वेळ कधीही बदलायची नाही, दोनच जणी आल्या तरी घ्यायचं, कारण तिसरी कुठूनतरी वेळ काढून येते आणि दार बंद दिसलं तर तिचं ते धाडस वाया जातं. ओळख करून देताना फक्त नाव, कुणाची बायको, कुणाची आई, कुठे नोकरी, काही नाही. मग एकेक करून प्रत्येकीला एकदा बोलायची संधी, नको असेल तर पुढे पास करायचं, आणि सगळ्यांचं एकदा झाल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. ही गोलाने बोलायची पद्धत १९६०च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमधल्या बायकांच्या गटांनी खूप वापरली, स्वतःच्या अनुभवापासून सुरू करून त्यात सगळ्यांचं सारखं काय आहे ते बघायचं, आणि ती आजही चालते कारण तिला कसलंच साहित्य लागत नाही.

कुणीतरी म्हणणारच की या विचारांनी घरं मोडतात. तिला उडवून लावू नका, ती आली आहे हेच मोठं आहे. तिला विचारा की आत्ता वाचलेल्यातलं नेमकं कुठलं वाक्य खटकलं, ते वाक्य परत वाचा, आणि मग बाकीच्यांना बोलू द्या. मी असं होताना पाहिलंय की तीच बाई चौथ्या-पाचव्या वेळी सगळ्यात नेमकं बोलते.

पुरुषांना घ्यायचं का? माझं मत, महिन्यातली एक बैठक फक्त बायकांची आणि ट्रान्स व्यक्तींची, बाकी सगळ्यांसाठी खुल्या. पहिली नसेल तर काही गोष्टी बोलल्याच जात नाहीत, आणि दुसरी नसेल तर हा विचार एका खोलीत कोंडून राहतो.

बोलता बोलता कुणी घरातल्या मारहाणीबद्दल सांगितलं तर आपण समुपदेशक नाही हे लक्षात ठेवा. ऐका, सल्ल्यांचा भडिमार करू नका, ती म्हणेल त्याच्या एक पाऊलही पुढे जाऊ नका, आणि हेल्पलाइन, वकील, डॉक्टर यांचे खात्री केलेले नंबर तयार ठेवा. हे नंबर टॉयलेटच्या दाराला आतून लावा, छोट्या फाडून नेता येतील अशा पट्ट्यांवर. नोटीस बोर्डवर लावलेला असा कागद कुणी सगळ्यांसमोर वाचत नाही.

विरोध होईल, कमिटीतून होईल, जुन्या मेंबरांकडून होईल, "लायब्ररीत राजकारण नको" हे ठरलेलं वाक्य येईल. तेव्हा आवाज चढवण्यापेक्षा कागद पुढे करा. युनेस्को आणि इफ्ला (ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना) यांचा सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा २०२२ मध्ये सुधारला गेला, त्यात लिंग, धर्म, भाषा, सामाजिक दर्जा काहीही असो सगळ्यांना सारखी सेवा असं स्पष्ट लिहिलंय. पुस्तकाबद्दल तक्रार असेल तर लेखी घ्या, फॉर्मवर विचारा की पूर्ण वाचलंय का आणि कुठल्या पानावर आक्षेप आहे, आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक रॅकवरच राहील हे आधीच नियमात लिहून ठेवा, वाद सुरू झाल्यावर लिहिता येत नाही.

आणि त्रास देणाऱ्या माणसांचं काय करायचं तेही लिहून ठेवा, टक लावून बघणारा, रॅकच्या बोळात मुद्दाम मागे येणारा. हे प्रत्येक लायब्ररीत असतं. ज्याच्या नावाने आपण नंबर लावतो त्या मेल्व्हिल ड्युईने १८८७ मध्ये कोलंबियाच्या ग्रंथपालन शाळेत विश्वस्तांचा विरोध असताना बायकांना प्रवेश दिला, पहिल्या २० विद्यार्थ्यांत १७ बायका होत्या, आणि त्याच माणसावर बायकांशी लगट केल्याचे आरोप झाले, १९०६ मध्ये त्याला अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या कामातून बाहेर पडावं लागलं, आणि २०१९ मध्ये असोसिएशनने आपल्या पदकावरून त्याचं नाव काढलं. म्हणजे बायका बहुसंख्येने काम करतात म्हणून जागा सुरक्षित होते असं नाही. तक्रार कुणाकडे करायची, ती किती दिवसांत ऐकली जाईल, आणि मेंबरशिप कधी रद्द होईल हे ठरवा, आणि कमिटीत निर्णय घेणाऱ्या खुर्च्यांवर बायका किती आहेत तेही मोजा, कारण काउंटरवर बाई आणि मीटिंगमध्ये सगळे पुरुष हे चित्र फार ठिकाणी आहे.

शेवटचं, बैठक ठरलेल्या वेळेला संपवा पण लायब्ररी लगेच बंद करू नका. खुर्च्या उचलून ठेवताना, पर्स शोधताना, चपला घालताना जे बोलणं होतं ते गोलात बसून होत नाही, आमच्याकडे पहिल्यांदा कुणीतरी स्वतःबद्दल खरं बोललं ते हातात घडी घातलेली खुर्ची धरून. त्यामुळे किल्ली ग्रुपमधल्याच एकीकडे ठेवा, बंद करायच्या वेळेत अर्धा तास जास्तीचा मागून घ्या, आणि शेवटची बाई खाली उतरेपर्यंत जिन्यातला दिवा चालू राहू द्या.